पर्सनल स्टेटमेंट लिहून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा (नागपूर)

माझ्या मोठ्या बहिणीच्या पोरीसोबत जे झालं ते बाहेर शिकायला जायची तयारी करणाऱ्या प्रत्येक घराला कळावं म्हणून लिहून राहिली आहे. धरमपेठेतल्या एका कन्सल्टन्सीने ताईकडून 40 हजार घेतले, यूकेच्या बीएस्सीसाठी पर्सनल स्टेटमेंट (अर्जासोबत पोराने स्वतःबद्दल लिहायचं असते ते) एक्सपर्टकडून लिहून देतो, ॲप्लिकेशन पण आम्हीच भरतो, तुम्ही फक्त मार्कशीट आणि पासपोर्ट आणून द्या म्हणे. पोरीला एन्व्हायर्नमेंटल सायन्सच काहून करायचं आहे हे तिथं एकानेही विचारलं नाही बाप्पा! आणि तिच्याजवळ सांगायला किती होतं, शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने नाग नदीचं पाणी ठिकठिकाणाहून बाटल्यांमध्ये आणून तपासलं होतं, त्याच्या नोंदींची अख्खी वही आहे घरी.

यूकेत ग्रॅज्युएशनचे अर्ज यूकास (UCAS) या तिथल्या ॲडमिशनच्या संस्थेमधून जातात आणि एकच स्टेटमेंट तुम्ही निवडलेल्या पाचही ठिकाणी जातं. 2026 च्या ॲडमिशनपासून त्यात तीन प्रश्न आलेत, हा कोर्स का, शिक्षणातून तुमची तयारी कशी झाली आणि शिक्षणाबाहेर काय केलं, सगळं मिळून 4000 कॅरेक्टर, स्पेस धरून. ज्याने पोरीशी दहा मिनिटं बोलणं केलं नाही तो याची उत्तरं कुठून आणणार?

त्यांनी अकाउंट उघडलं तेच स्वतःच्या ईमेलने. पासवर्ड दिला नाही, ड्राफ्ट मागितला की "मॅडम मीटिंगमध्ये आहेत", आणि एक दिवस व्हॉट्सॲपवर "सबमिट झालं, काँग्रॅच्युलेशन्स". पुढे नकार यायला लागले तेव्हा भाऊजी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले, लॉगिन हातात पडल्याशिवाय उठलेच नाहीत. उघडून पाहिलं तर पहिलीच ओळ, अमरावतीत वाढलेला मुलगा म्हणून मला मेळघाटच्या जंगलाची ओढ लागली! आमची पोरगी नागपूरची, मेळघाट तिने पाहिलेलं नाही, आणि यांना "मुलगा" शब्दसुद्धा बदलावासा वाटला नाही. कोण्या दुसऱ्याच पोराचं जसंच्या तसं चिकटवलेलं. त्याच ईमेलच्या इनबॉक्समध्ये यूकासचा मेल न उघडता पडून होता, की तुमचं स्टेटमेंट आधीच्या एकाशी जुळतंय आणि युनिव्हर्सिटींनाही तसं कळवलंय.

यूकास प्रत्येक स्टेटमेंट जुन्या स्टेटमेंटशी सॉफ्टवेअरने ताडून पाहतं, हे आजचं नाही. 2007 मध्ये त्यांनी 50 हजार अर्ज तपासले तर 234 जणांनी आठव्या वर्षी केमिस्ट्री सेटने पायजमा जाळल्याचा एकच किस्सा लिहिलेला निघाला. इतक्या वर्षांपासून कॉपी पकडली जाते हे धंदा करणाऱ्यांना माहीत नसेल हे मला पटत नाही, त्यांना पक्कं माहीत असते, त्यांचं काही जात नाही, नाव पोराचं खराब होतं. आणि एकदा अर्ज गेला की स्टेटमेंट बदलता येत नाही.

म्हणून अकाउंट पोराच्याच ईमेलने उघडा, पासवर्ड कोणालाही देऊ नका, शब्द न् शब्द वाचल्याशिवाय सबमिट करू देऊ नका. इंग्रजी थोडं कच्चं असलं तरी चालेल, शाळेतल्या मॅडमकडून तपासून घ्या, पण गोष्ट पोराचीच पाहिजे.

पावतीवर त्यांनी नुसतं "काउन्सेलिंग चार्जेस" लिहिलंय, त्यामुळे आता "लिहून देण्याचे पैसे घेतलेच नाही" म्हणतात. आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे, ग्राहक आयोगात पण जाऊन राहिलो. तुमच्याही स्टेटमेंटची सुरुवात मेळघाटच्या जंगलाने असेल तर पावती आणि व्हॉट्सॲपचे मेसेज डिलीट करू नका, सगळं जपून ठेवा.