गळ टाकायचा कुठे: खडकावर की खाडीत?
मासे धरायच्या स्पर्धेच्या दिवशी वारा सुटला, आभाळ भरून आलं, तर मी वांद्र्याच्या बँडस्टँडचे खडक सोडून खाडीचा काठ धरतो. खडकावरून गळ खोल पाण्यात जातो, हे खरं. पण शेवाळावर पाय ठरत नाही, आणि पावसाळी उधाणाची भरती 4.5 मीटरच्या वर चढते तेव्हा मागची वाट कधी बुडाली ते कळतही नाही. गेल्या वर्षी आमिषाचा डबा माझ्या पायाशी होता. एका लाटेत गेला. छातीत धस्स झालं.

खाडीत लाटांचा मारा कमी. पाणी गढूळ, म्हणून जिवंत कोळंबी लावा. जिताडा तिच्यावर येतो. मासे कमी मिळाले तर मिळू देत. विजा चमकू लागल्या की मात्र दोन्हीकडे गळाची काठी खाली ठेवा, ती कार्बनची असेल तर तिच्यातून वीज वाहते.