नाशिकला जाऊन 'मम' म्हणायचं की घरी बसून चुकायचं?

वाईन नुसती प्यायची नाही, थोडी कळायलाही हवी असं ज्यांना वाटू लागलंय, त्यांच्यापुढे आपल्याकडे दोन सोयीचे रस्ते आहेत. एक, नाशिकला जाऊन एखाद्या वायनरीत टेस्टिंग करायचं. दुसरा, पाच-सहा जणांनी मिळून तीन-चार बाटल्या आणायच्या आणि कुणाच्या तरी घरी बसायचं. ('बसायचं' या शब्दाचा आपल्याकडचा नेहमीचा अर्थ इथे अभिप्रेत नाही. अगदीच नाही असंही नाही.) मी दोन्ही केलंय. नाशिकच्या पाच वाऱ्या झाल्या आणि घरच्या बैठका तीनेक वर्षं महिन्यातून एकदा चालू आहेत. दोन्हींत काय मिळतं आणि काय हुकतं हे सांगतो. माझा कल कुठे आहे तो लपणार नाहीच.

आधी नाशिकची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. सुला या वायनरीने २००५ साली टेस्टिंग रूम उघडली, तोवर आपल्याकडे वाईन म्हणजे दुकानातल्या खालच्या फळीवरची धूळ खाणारी बाटली. आता गंगापूर धरणाच्या बाजूला गेलात तर दिवसभरात दोन-तीन ठिकाणं सहज होतात. मुकणे धरणाच्या पाण्याजवळ वेलोने आहे, दिंडोरीकडे शांदोंचं स्पार्कलिंग आहे. आणि नाशिकच कशाला, अकलूजच्या बाजूला मोटेवाडीत फ्रातेल्ली आहेच. पुण्याहून नाशिकला जाताना नारायणगाव लागतं. शॅम्पेनच्या पद्धतीने बुडबुड्यांची वाईन करून ती परदेशात विकायचा खटाटोप शामराव चौगुल्यांच्या इंडाजने १९८०च्या दशकात इथेच केला होता. गाडीतल्या कुणालाही हे माहीत नसतं. सगळ्यांचं लक्ष मिसळ कुठे चांगली मिळते याकडे.

जायचं तर जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत जा, तोडणी चालू असताना. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळासाठीची. युरोपात हिवाळाभर वेली झोपलेल्या असतात, आपल्याकडे त्यांना झोपच नाही. या हंगामात बागेत कुणी हातावर शिराझचे (हे रेड वाईनचं द्राक्ष) चार मणी ठेवले तर चावून बघा. थॉमसनच्या, म्हणजे बाजारातल्या बिनबियांच्या द्राक्षांच्या, सवयीच्या जिभेला धक्का बसतो: मणी बारीक, साल जाड, बिया कडवट आणि गोडी मात्र थॉमसनच्या वरताण. वाईनची द्राक्षं २२-२४ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) उतरवतात. साल दाढेखाली चावत राहिलं की तोंड कोरडं पडतं. हाच तो टॅनिन, ज्यावर पुस्तकांत पानंच्या पानं असतात. आपल्याला त्याची गरज नाही, कारण 'तुरट' हा शब्द आपल्याकडे पोरालासुद्धा येतो. जांभूळ, सुपारी, उकळून उकळून काळा पडलेला कोरा चहा, सगळं त्यात आलं. हे बागेत उभं राहून एका मिनिटात कळतं. घरच्या बैठकीत ते या जन्मात कळणार नाही.

एवढं असूनही मी नाशिककडून घराकडे का वळलो, त्याला कारण तसं बारीकच आहे. कुणाला ते कारणच वाटणार नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या वारीतली गोष्ट. कुठली वायनरी ते सांगत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच पाहिलंय. शनिवारची दुपार, उंच टेबलाभोवती आम्ही वीस जण उभे, प्रत्येकापुढे ग्लास. वाईन ओतणारा मुलगा उमदा, हसरा, तोंडपाठ बोलणारा. तीसेक मिलिलिटर सोव्हिन्यों ब्लां (ही व्हाइट वाईन) ओतली आणि कुणाचं नाक ग्लासापर्यंत पोचायच्या आत म्हणाला, "याच्यात तुम्हाला गूसबेरी आणि पॅशनफ्रूट मिळेल." मग ग्लास फिरवा, हुंगा, आणि लगेच प्रश्न, "मिळालं?" वीसच्या वीस जण म्हणाले, "मिळालं, मिळालं!" मीसुद्धा. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी म्हणतात 'मम म्हणा' आणि आपण म्हणतो 'मम', तसंच. संकल्प कसला केला हे शेजारच्याला विचारायचं नाही.

गूसबेरी म्हणजे काय, असं एका काकूंनी विचारलं. "आवळा, मॅडम." आता आवळा आणि युरोपातली गूसबेरी यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, पण काकूंनी पुन्हा हुंगून "हो हो, आवळा" अशी ग्वाही दिली. पुढे रेड वाईन आली आणि तिच्यात ब्लॅककरंट निघालं. आपल्यापैकी किती जणांनी ब्लॅककरंट फळ म्हणून पाहिलंय? मला तर त्या नावाचं जांभळं आइस्क्रीमच तेवढं माहीत. पंचवीस मिनिटांत पाच वाईन झाल्या. बाहेर आलो तेव्हा मला पाच नावं पाठ होती आणि एकही वास आठवत नव्हता.

खटकलं ते हेच. वासाचं नाव आधी आणि वास नंतर. एकदा नाव कानात पडलं की नाक बिचारं नोकरासारखं ते शोधायला धावतं, आणि शोधून आणतंच. हा माझ्या एकट्याचा भित्रेपणा नाही. बोर्दोत वाईनचं शास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाईन वास नसलेल्या रंगाने लाल करून दिली होती. त्यांनी ती रेड वाईनच्या शब्दांत वर्णन केली. तो प्रयोग २००१ साली छापून आला. नुसत्या रंगाने त्यांची ही गत, तर कानाशी बोलणाऱ्या माणसापुढे आपली काय कथा?

घरची बैठक सुरू झाली ती यावरचा उतारा म्हणून. पद्धत साधी आहे. एका वेळी तीनच बाटल्या, त्या जुन्या वर्तमानपत्रात मानेपर्यंत गुंडाळलेल्या, वर एक-दोन-तीन आकडे. ओततो यजमान, आणि त्या दिवशी त्याने मत द्यायचं नाही. पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, चिठ्ठीवर लिहायचं. लिहिताना घरातले शब्द चालतील: चिंच, आमसूल, ओला गोणपाट, कापूर, माठातलं पाणी, रबर, पिकून गळालेला पेरू. चूक-बरोबर असं काही नाही. मग वाचन, मग भांडण, शेवटी कागद फाडायचा.

पहिल्याच महिन्यात तीन वेगवेगळ्या वायनरींच्या सोव्हिन्यों ब्लां लावल्या होत्या. आमची आई स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली. ती थेंबही घेत नाही, त्यात त्या दिवशी चतुर्थीचा उपास. कौतुकाने ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, "ढोबळी मिरची कोणी चिरली रे?"

कुणीच चिरली नव्हती. पण ढोबळी मिरचीला तिचा हिरवट वास देणारी पायराझिन नावाची जी द्रव्यं असतात, ती सोव्हिन्यों ब्लांच्या द्राक्षातही असतात. उत्तर पुस्तकातलं होतं आणि ते दिलं पुस्तक न उघडलेल्या बाईने. नाशिकच्या टेबलावर मला आवळ्याला हो म्हणावं लागलं होतं. इथे जे खरंच नाकात होतं त्याचं नाव सापडलं, तेही आपल्या विळीवरचं. त्या दिवसापासून कुठल्याही सोव्हिन्यों ब्लांमध्ये मी आधी मिरची शोधतो. खरं तर हीसुद्धा आता आईने पढवलेलीच गोष्ट झाली, पण आईने पढवलेलं चालतं.

आणखी एक प्रसंग सांगतो, तो माझ्या फजितीचा. एका यजमान मित्राने तीनाऐवजी चार आकडे लावले. दोन नंबरला मी लिहिलं, 'पातळ, आंबट, घाईत केल्यासारखी.' चार नंबरला लिहिलं, 'भरदार, मिरे, थोडा गूळ.' कागद फाडले तर दोन आणि चार म्हणजे एकाच शिराझच्या दोन बाटल्या. दोन नंबर फ्रीजमधून नुकतीच काढलेली होती, चार नंबर तासभर बाहेर होती. रेड वाईन 'रूम टेंपरेचरला' प्यावी या वाक्यातली रूम पुण्याची नव्हे हे माहीत होतं. मार्चमधली आपली खोली तिशीच्या वर जाते आणि रेडला हवे सोळा ते अठरा अंश, म्हणजे आपल्याकडे ती अर्धा तास तरी फ्रीजमध्ये ठेवायलाच हवी. पण पाच-सहा अंशांनी वाईनचं कुळ बदलल्यासारखं होतं हे त्या रात्री उमजलं. कुठल्याही टेस्टिंग रूममध्ये तुम्हाला एकच वाईन दोनदा फसवून देणार नाहीत. त्यांनी द्यावी तरी का? त्यांना बाटली विकायची असते, आणि त्यात गैर काही नाही.

घरच्या बाजूचे दोषही सांगायला हवेत, नाहीतर ही तुलना कसली. सर्वांत मोठा दोष म्हणजे चुकलात तर सांगणारा कुणी नाही. एका महिन्यात एका व्हाइटवर आम्ही सगळे लट्टू झालो: अक्रोड, सुकामेवा, मध, काय काय लिहिलं! नंतर कळलं की ती बाटली दुकानाच्या काचेत उन्हात कित्येक महिने उभी होती. आम्ही वाखाणलं ते वाईनचं मरण होतं. वायनरीतला तो तोंडपाठ बोलणारा मुलगा एका हुंगण्यात "सर, ही गेलीय" म्हणाला असता. दुसरा दोष, आपली माणसं. सहांतला एक चिठ्ठी कोरी ठेवून ग्लास पुढे करतो. एक जण बाटलीच्या आकारावरून ओळखायला बघतो. तिसऱ्या बाटलीनंतर चर्चा वाईनवरून फ्लॅटच्या भावावर जाते, ती परत येत नाही.

थुंकण्याबद्दलही बोललं पाहिजे. शिकायचं असेल तर थुंकावं लागतं, नाहीतर चौथ्या ग्लासाला सगळंच सुंदर लागतं. पिचकारी मारण्यात आपल्या देशाचा हात कोणी धरणार नाही, पण चारचौघांत स्टीलच्या पातेल्यात वाईन थुंकायची म्हटलं की सगळ्यांना संस्कार आठवतात. नाशिकला मी एकालाही थुंकताना पाहिलेलं नाही. शिवाय तिथे परतीची गाडी कुणीतरी चालवायची असते. दोन वाऱ्यांत तो कुणीतरी मीच होतो, त्यामुळे नुसतं हुंगून आलो. घरी हा प्रश्न लिफ्टपाशी संपतो.

खर्चाचं म्हणाल तर वायनरीतलं टेस्टिंग स्वस्तच असतं. महाग पडतो तो प्रवास, मुक्काम आणि येताना भरात घेतलेल्या सहा बाटल्या. दोघांच्या एका वारीत आमच्या घरच्या सात-आठ बैठका आरामात निघतात, तेही हजाराच्या आतबाहेरची बाटली धरून.

कोर्सचं थोडक्यात. डब्ल्यूएसईटी या वाईन शिकवणाऱ्या लंडनच्या संस्थेच्या कोर्सची पहिली पायरी एका दिवसाची असते. मी तेवढीच केली. आंबटपणा, तुरटपणा, अल्कोहोल, भरीवपणा असं एकेक वेगळं काढून बघायची शिस्त त्याने लागली आणि बैठकीत ती कामाला आली. हॉटेलात नोकरी करायची असेल किंवा सोनल हॉलंड यांच्यासारखं (२०१६ साली मास्टर ऑफ वाईन झालेल्या त्या पहिल्या भारतीय) पार टोकापर्यंत जायचं असेल तर तोच रस्ता. हौसेपुरतं हवं असेल तर एका दिवसावर थांबायला हरकत नाही.

गेल्या फेब्रुवारीत पुन्हा नाशिकला गेलो, मुद्दाम मंगळवारी. टेबलाशी आम्ही तिघंच. ओतणाऱ्या मुलाला म्हटलं, "दादा, एक मिनिट काही सांगू नका." तो गोंधळला. "मग मी काय करू?" म्हटलं, तुम्हीही हुंगा. त्याने स्वतःसाठी बोटभर शेनिन ब्लां ओतली, बराच वेळ नाक आत घालून उभा राहिला आणि म्हणाला, "पेरू. पण कार्डावर तसं नाहीये." कार्डावर अननस होता. मग तो आपल्या गावाकडच्या पेरूंबद्दल बोलला, आणि ते त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं टेस्टिंग झालं.

तेव्हा माझं मत, पटलं तर घ्या. हातात फेब्रुवारीचा एकच शनिवार-रविवार असेल तर नाशिकला जा, बाग चुकवू नका, मणी चावा. हाताशी वर्षभर असेल तर आधी सहा सारखे ग्लास घ्या. महागडे नकोत, फक्त तोंडाशी निमुळते हवेत. चार महिने घरी मनसोक्त चुका आणि मग कामाच्या दिवशी नाशिक गाठा. पहिल्या बैठकीला एकाच द्राक्षाच्या तीन बाटल्या लावा, शेनिन ब्लां सोपी जाते. मध्ये खायला साधा पाव ठेवा. शेंगदाण्याची चटणी आणि फरसाण शेवटची चिठ्ठी वाचून होईपर्यंत कपाटात. उदबत्ती लावू नका. आणि अत्तर फासून येणाऱ्या मित्राला खिडकीपाशी बसवा. आमच्याकडे असा एक आहे, आणि त्याला दर वाईनमध्ये चंदन सापडतं.