५४ लिटरची सॉफ्ट कोरल टाकी: वर्ष होत आल्यावर काय उपयोगी पडलं, काय लागलंच नाही

६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच. काठोकाठ भरली तर ५४ लिटर; खडक आणि वाळू गेल्यावर आत प्रत्यक्षात ४० लिटरच्या आसपासच पाणी राहतं. खाऱ्या पाण्याच्या या टाकीला आता वर्ष होत आलंय. आत सॉफ्ट कोरल, म्हणजे कठीण सांगाडा नसलेले मऊ प्रवाळ: वेगवेगळ्या रंगांचे झोआ, मशरूम, एक लेदर, ग्रीन स्टार पॉलिप, झेनिया आणि एकच छोटा गोबी मासा. दगडी प्रवाळ एकही नाही, आणि ते मुद्दाम. ‘रीफ (प्रवाळांची) टाकी स्वस्तात होते का?’ असं कोणी विचारलं तर मी हो म्हणते. फक्त वस्तू स्वस्तातल्या घेऊन नाही, तर महागड्या वस्तू लागणारच नाहीत असे प्राणी निवडून.

दगडी प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियम आणि कार्बोनेटपासून बांधतात. टाकीत ते वाढायला लागले की ही द्रव्यं रोज संपतात आणि रोज मोजून परत घालावी लागतात. मग ती थेंबाथेंबाने घालणारा डोसिंग पंप आला, रसायनांच्या बाटल्या आल्या, चार टेस्ट किट आले. लेदर किंवा झेनियाच्या अंगात चुन्याचे नुसते बारीक कण असतात. झोआ आणि मशरूममध्ये तेवढंही नाही. (खरं तर शास्त्राच्या दृष्टीने झोआ आणि मशरूम सॉफ्ट कोरल नव्हेतच. खऱ्या सॉफ्ट कोरलच्या प्रत्येक पॉलिपला, म्हणजे वसाहतीतल्या एकेका छोट्या जिवाला, कडांना झालर असलेल्या आठ शुंडा असतात, भिंगातून मोजून बघा. पण या छंदात सगळ्यांना एकाच माळेत ओवतात आणि त्याने काही बिघडत नाही.) त्यामुळे आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की जे काही थोडंफार संपलेलं असतं ते भरून निघतं. माझ्या टाकीला म्हणजे ४ लिटर. लिटरला ३८ ग्रॅमच्या हिशेबाने दीडशे ग्रॅम मीठ, महिन्याला जेमतेम सहाशे. वीज सोडली तर चालू खर्चातला मोठा भाग एवढाच.

हात आखडता घ्यायचा नाही तो पाण्याच्या बाबतीत. नळाच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, क्लोरीन, कधीकधी पाइपातून आलेलं तांबंही असतं; तांब्याचा थोडासा अंशही गोगलगायी आणि प्रवाळांना मारक ठरतो. म्हणून आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचं एक काडतूस. पिण्याच्या पाण्याचा आरओ असला तरी तपासून घ्या, बऱ्याच यंत्रांत चवीसाठी खनिजं परत मिसळतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवत असेल तरच ते पाणी टाकीचं. वापरलेली टाकी घ्यायला माझी हरकत नाही, पण याच तांब्यामुळे त्यातले जुने खडक घेताना आधी विचारायचं, माशांच्या रोगावर तांब्याचं औषध घातलं होतं का. खडक तांबं धरून ठेवतात.

दुसरी गोष्ट खारेपणा. टाकीतून पाणी उडतं, मीठ उडत नाही. माझ्याकडे रोज साधारण एक लिटर उडतं. ४० लिटरमधून एक गेलं की खारेपणा ३५ वरून (म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ) जवळपास ३६ होतो, आणि तीन दिवस कोणी बघितलंच नाही तर ३८ च्या घरात जातो. मोठ्या टाकीत हे कळतही नाही, छोट्या टाकीत झोआ त्याच दिवशी तोंड मिटून बसतात. उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडं पाणी घालायचं, खारं नाही. काचेवर पाण्याच्या पातळीची एक रेघ मारून ठेवली आहे. एक लिटर गेलं की पातळी तिच्याखाली साडेपाच मिलिमीटर उतरते, त्यामुळे मोजत बसावं लागत नाही. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटरच घ्या. काट्याच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरवर एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. रिफ्रॅक्टोमीटरही नुसत्या शुद्ध पाण्यावर जुळवून भागत नाही, ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवावा लागतो. मी विशिष्ट घनता १.०२५ ते १.०२६ मध्ये ठेवते, म्हणजे खारेपणा ३५ च्या आसपास.

उंची ३० सेंटिमीटरच ठेवली ती दिव्यासाठी. उथळ टाकीत साध्या एलईडीचा उजेडही तळापर्यंत पोचतो. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड ‘पार’मध्ये मोजतात, या प्राण्यांना ५० ते १२० पार भरपूर झाले, तर अ‍ॅक्रोपोरासारख्या दगडी प्रवाळांना अडीचशे-तीनशे लागतात. निळ्याकडे झुकणारा, मंद करता येणारा दिवा आणि आठ तासांचा टायमर, बस. पार मीटर विकत घेण्यात अर्थ नाही, प्राणीच सांगतात. झोआ उंच दांडे काढून वर ताणायला लागले तर उजेड कमी पडतोय. मशरूम आक्रसून फिके पडले तर जास्त होतोय, त्यांना खाली सावलीत न्यायचं.

बाकीच्या वस्तूंबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ५० वॉटचा हीटर २५-२६ अंशांवर, शेजारी वेगळा थर्मामीटर, कारण हीटर बिघडून चालूच राहिला तर त्याच्यावरचा आकडा काही उपयोगाचा नसतो. उकाड्यात पाण्यावर छोटा पंखा सोडला की दोनतीन अंश उतरतात, पण पाणी उडण्याचा वेगही वाढतो. एक छोटा पॉवरहेड (आतलं पाणी फिरवणारा पंप), तोंड समोरच्या काचेकडे, म्हणजे झोत आपटून पसरतो आणि थेट कुणाच्या अंगावर जात नाही. काठाला टांगायचा फिल्टर, त्यात फ्लॉस (गाळ अडवणारा कापूस) आणि कार्बनची पुरचुंडी. कार्बन मात्र चुकवू नका. लेदरसारखे प्रवाळ शेजाऱ्यांना दूर ठेवायला पाण्यात रसायनं सोडतात आणि ४० लिटरमध्ये ती कुठे जाणार?

सुरुवातीचा काळ कंटाळवाणा आहे. खडक, वाळू, खारं पाणी आणि थोडा अमोनिया, एवढ्यावर चार ते सहा आठवडे टाकी नुसती चालू ठेवायची. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू खडकावर बसल्याशिवाय आत काही सोडायचं नाही. नंतर सगळ्यावर तपकिरी थर येतो. हे डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल, आपोआप ओसरतात. मग हिरवं शेवाळ येतं, तेव्हा ट्रोकस गोगलगायी आणायच्या. या टप्प्यावर लोक घाबरून बाटल्या विकत घेतात. नका घेऊ.

प्राणी घेताना समुद्रातून काढलेले नाही, कोणाच्या तरी टाकीत वाढवलेले छोटे तुकडे घ्या. ते स्वस्त असतात, टाकीच्या जगण्याला सरावलेले असतात, आणि प्रवाळांच्या व्यापाराचे कायदे देशोदेशी कडक आहेत. तुकडा ज्या बुडख्यावर बसवून मिळतो तो बुडखा मी आत जाऊ देत नाही. एप्टेशिया नावाचं उपद्रवी समुद्रफूल (हाही एक प्राणीच) बहुतेक वेळा त्याच्या खालच्या बाजूला लपून येतं. तुकडा डिपमध्ये (किडे काढणाऱ्या द्रावणात) बुडवून हलवायचा, खाली काय पडतं ते बघायचं, मग घट्ट सुपरग्लूने खडकाला चिकटवायचा. मशरूमला ग्लू धरत नाही, अंग बुळबुळीत. त्याला एका वाटीत खडकाच्या बारीक चुऱ्यावर ठेवून वर जाळी बांधायची आणि वाटी मंद झोताच्या कोपऱ्यात. आठ-दहा दिवसांत तो स्वतःच एखाद्या खड्याला धरतो, मग ग्लू त्या खड्याला लावायचा.

लेदर मधूनच आठवडाभर मिटतो, रंग उतरतो, अंगावर मेणचट पापुद्रा चढतो. मेला असं वाटतं, पण मेलेला नसतो. तो कात टाकतोय. पॉवरहेडचा झोत जरासा त्याच्याकडे वळवला की पापुद्रा सुटून जातो आणि खालून आधीपेक्षा फुललेला लेदर निघतो. झेनिया दिवसभर मुठी उघडमीट करत राहते, घरी येणारे सगळे तिच्यासमोरच थांबतात. तिच्याच कुळातल्या लाल समुद्रातल्या हेटेरोझेनियावरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. या हालचालीने पॉलिपभोवती साचलेला ऑक्सिजन दूर लोटला जातो आणि तिच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचं प्रकाशसंश्लेषण वाढतं, असं त्यात दिसलं. पण देखणी असली तरी झेनिया आणि ग्रीन स्टार पॉलिप मुख्य खडकावर ठेवायचे नाहीत. दोघांनाही वाळूवर वेगळा, सुटा खडक. ग्रीन स्टारची जांभळी चटई खडक संपला की काचेवर चढते. काचेवरून ब्लेडने खरवडता येते, झोआंच्या खालून नाही.

झोआंबद्दल एक गोष्ट गांभीर्याने. त्यांच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ मध्ये हवाईतल्या पॅलिथोआपासून ते पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं. ज्ञात विषांमधल्या अत्यंत जहाल विषांपैकी ते एक. कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच, हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्या दिवशी. आणि झोआ असलेला खडक कधीही उकळायचा नाही, गरम पाण्याने घासायचा नाही. वाफेतून विषबाधा होऊन अख्खी घरं रुग्णालयात गेलेली आहेत.

न लागलेल्या वस्तूंत प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसावाटे पाण्यातली घाण काढणारं यंत्र, पहिला. एक मासा, मोजकं खाणं आणि आठवड्याचं पाणी बदलणं असेल तर त्याचं काम उरत नाही. उलट या प्राण्यांना पाणी थोडं ‘मळकं’च आवडतं: लिटरला नायट्रेट ५ ते १० मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.०५ च्या आसपास. दोन्ही शून्यावर गेले की झोआ बारीक होतात आणि डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा बुडबुडेवाला चिकट थर यायची भीती असते. आयोडीन, ‘कोरल फूड’, रंग खुलवणाऱ्या बाटल्या, यातलं काही नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे किटही नाहीत. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ८-९ डीकेएचमध्ये आहे ना, एवढं अधूनमधून बघते.

पुन्हा टाकी लावायची झाली तर दिव्याच्या आधी ऑटो टॉप-ऑफ घेईन, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी आपोआप गोडं पाणी घालणारं यंत्र. पण त्याचा फ्लोट (पातळी ओळखणारा तरंगता भाग) अडकू शकतो हे धरून टाकी बेतायची. माझ्याकडे गोड्या पाण्याचा डबा तीनच लिटरचा आहे. सगळा एकदम ओतला गेला तरी पातळी पावणेदोन सेंटिमीटर वर येते, म्हणून काठ दोन सेंटिमीटर मोकळा ठेवलाय. खारेपणा साडेबत्तीसवर उतरतो, आणि तेवढं हे प्राणी सोसतात. तीन दिवस बाहेर जायला तो डबा पुरतो. त्यापेक्षा जास्त असेल तर एकेक लिटरच्या बाटल्या भरून, वर वार लिहून टाकीशेजारी ठेवते, आणि माशाच्या खाण्याचा डबा कपाटात लपवते. मागे घर सांभाळायला येणाऱ्या माणसाला मासा नेहमीच उपाशी दिसतो.