९० सेंटिमीटरची रेलगन: घरच्या टेबलावर दुरुस्त होणारी, आणि कुणाला नको असलेले मासे घरी आणणारी

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर, किआमाच्या खडकांवरून पाण्यात उतरून मासे मारायचे असतील, तर रॉब ॲलनची ॲल्युमिनियमची ९० सेंटिमीटर रेलगन घ्या, म्हणजे रबराच्या ताणाने भाल्यासारखी सळई सोडणारी पाण्याखालची बंदूक. नेम चांगला लागतो म्हणून मी हे सांगत नाही. नेम बऱ्याच गनचा चांगला असतो. ही गन जिथे झिजते तो प्रत्येक भाग घरी, पकड आणि कानस घेऊन बदलता येतो. मी मूळचा वेंगुर्ल्याचा, राहायला वुलनगाँगला, आणि पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यात फिटर. दिवसभर यंत्रं उघडतो, लावतो. जी वस्तू उघडता येत नाही तिच्यावर माझा विश्वास बसत नाही.

रॉब ॲलन ही दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनची कंपनी. 'रेल' म्हणजे नळीच्या अंगावरच पुढून मागेपर्यंत काढलेली खाच. सळई त्या खाचेत पूर्ण लांबीभर टेकलेली असते, त्यामुळे रबर सुटलं तरी ती मध्ये वाकत नाही, थरथरत नाही. नळीची दोन्ही टोकं बंद, आत हवा, म्हणून सळई सुटल्यावर गन हातातून निसटली तरी तळाला जात नाही. पुढे तोंडाशी रबर अडकवायची जागा, मागे मूठ आणि घोडा. सळई स्प्रिंग स्टीलची, टोकाशी मासा निसटू नये म्हणून उघडणारा काटा, ज्याला इथे सगळे फ्लॉपर म्हणतात. एवढंच यंत्र.

सगळ्यात आधी जातं ते रबर. ऊन आणि हवा त्याला खातात. रबर हाताने थोडं ताणून बघा: अंगावर बारीक आडव्या चिरा दिसल्या की ते बदलायचं, तुटायची वाट बघायची नाही. तयार रबर बांधून मिळतं, पण मी १६ मिलिमीटरचं रबर मीटरवर विकत घेतो. हिशोब सोपा आहे. तोंडापासून सळईवर रबर अडकवायची जी खाच असते तिथपर्यंतचं अंतर मोजा, दुप्पट करा, त्याला साधारण ३.३ ने भागा. अंतर ८५ सेंटिमीटर असेल तर १७० भागिले ३.३, म्हणजे ५१ सेंटिमीटरच्या आसपास. रबराची दोन टोकं जोडून सळईच्या खाचेत अडकतो त्या दोरीच्या फासाची लांबी त्यातून थोडी वजा करा. जास्त जोर हवा म्हणून रबर आखूड कापणारे पुष्कळ भेटतात. त्याने गन चढवताना, म्हणजे रबर ओढून सळईत अडकवताना, छाती दुखते, सळई उडताना उसळते आणि रबरही लवकर मरतं.

फास डायनीमाच्या, म्हणजे फार मजबूत कृत्रिम धाग्याच्या, दोरीचा. दोरीच्या टोकांना घट्ट गाठी मारायच्या, त्या गाठी रबराच्या भोकात साबणाचं पाणी लावून आत सरकवायच्या आणि बाहेरून दुसऱ्या दोरीने करकचून आवळायचं. आवळायला कन्स्ट्रिक्टर गाठ लागते: दोन वेढे, टोक दोन्ही वेढ्यांच्या खालून, आणि मग दोन्ही बाजूंना पकडीने ओढ. वेंगुर्ल्याच्या बंदरावर जाळी विणणाऱ्या माणसाला ही गाठ एकदा दाखवली तर पुन्हा दाखवावी लागणार नाही. बाकीच्यांनी आधी जाड सुतळीवर सराव करावा. गाठ बसली की दोरी रबरात रुतते आणि दोन बोटांनी हलवूनही हलत नाही. हलली तर सोडा आणि पुन्हा बांधा. पाण्याखाली ही गाठ सुटली तर ताणलेलं रबर तोंडावर येतं, तेव्हा इथे घाई नको.

सळई गनला बांधून ठेवणारी दोरी मी जाड नायलॉनची वापरतो. खडकाला घासून तिच्यावर पांढरे ओरखडे येतात. ओरखड्यात नख अडकलं की ती दोरी संपली. नवीन दोरी दुहेरी भोकाच्या ॲल्युमिनियमच्या नळीतून ओवून दाबायची. दाबायला त्यासाठीची पकड हवी, साध्या पकडीने नळी चेपते पण धरत नाही. फ्लॉपरची खीळ ढिली झाली तर ठोकून नवी बसते. टोकाची धार खडकावर आपटून जाते, ती बारीक कानशीने, तिन्ही बाजूंनी सारखी, हळूहळू घासून परत येते. ग्राइंडर लावू नका. उष्णतेने टोकाचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतो आणि मग ते पुढच्याच दगडावर वळतं.

घोड्याची पेटी मात्र मी उघडत नाही. ती फक्त गोड्या पाण्यात बुडवून, घोडा दाबत वाळू काढतो. तेल-ग्रीस घातलं की त्यात वाळू चिकटते. सळई बसल्यावर घोडा न दाबता ओढून बघायची, जराही सरकली तर ती गन पाण्यात न्यायची नाही आणि पेटी सरळ नवी घ्यायची. एका दुकानात मी नुसतं रबर आणि दोरी घ्यायला गेलो होतो, तर तिथल्या माणसाने गन हातात न घेताच नवी घ्यायचा सल्ला दिला. नळी सरळ, घोडा घट्ट, मूठ शाबूत. एवढं असताना गन फेकायला सांगणं मला पटत नाही.

गंजाबद्दल आधीच सांगतो. स्प्रिंग स्टीलवर गंज येणारच, तो त्या पोलादाचा धर्म आहे. स्टेनलेसची सळईही मिळते, पण किआमाच्या खडकात मला वाकून परत सरळ होणारं स्प्रिंग स्टीलच बरं वाटतं. घरी आलं की गोडं पाणी, कोरडं फडकं, तेलाचा हलका हात.

आता ९० सेंटिमीटरच का. किंगफिशच्या मागे खोल पाण्यात जाणारे १२० घेतात, ते बरोबरच आहे. पण माझे मासे खडकाच्या कपारीत, फेसाच्या खाली, हाताच्या अंतरावर असतात. तिथे लांब गन वळतच नाही. न्यू साउथ वेल्समध्ये सिलिंडर लावून भाल्याने मासे मारायला बंदी आहे, जे करायचं ते एका श्वासात. आणि एका श्वासात मला जो मासा सगळ्यात जास्त मिळतो तो ल्युडेरिक.

ल्युडेरिकला इथे ब्लॅकफिशही म्हणतात. राखाडी अंग, त्यावर गडद उभे पट्टे. तो शेवाळ खातो, आणि 'शेवाळासारखा लागतो' म्हणून बहुतेक जण सोडून देतात. तसा लागतो हे खरं, पण पोटासकट तासभर ठेवला तर. भाला लागल्याबरोबर कल्ले कापून रक्त जाऊ द्या, पाण्याबाहेर आलं की लगेच पोट साफ करा आणि आतला काळा पापुद्रा अंगठ्याने घासून पूर्ण काढा. बर्फ बरोबर न्या. मी ल्युडेरिक आणला हे फोनवर सांगितलं की आई पहिलं विचारते, "रगात काढलंस मां?" तिने हा मासा पाहिलेला नाही, पण प्रश्न नेमका तोच आहे. मग आगळ, हळद, मीठ, मालवणी मसाला लावून अर्धा तास, वर रवा आणि तव्यावर तेल सढळ. मांस पांढरं, जरा मऊ. तुकडी जाड ठेवली तर फुटत नाही. मर्यादा माणशी १०, आणि २७ सेंटिमीटरपेक्षा लहान घेता येत नाही.

दुसरा लेदरजॅकेट. डोक्यावर उभा काटा, अंगावर खवळ्यांऐवजी सॅंडपेपरसारखी कातडी. दिसायला विचित्र म्हणून लोक नाक मुरडतात. डोकं कापलं की ती कातडी एका ओढीत अख्खी निघते, आणि खाली स्वच्छ, गोडसर, कमी काट्याचं मांस. शेजारचे आजोबा सिसिलीहून आलेले, ते याचं टोमॅटो घालून सूप करतात आणि एक वाटी कुंपणावरून आमच्याकडे येते. आमच्याकडे याचं ओल्या खोबऱ्याचं पातळ कालवण होतं, आमसूल घालून. लहान मुलाला बिनधास्त भरवावं असा मासा मला इथे याच्याखेरीज मिळालेला नाही.

तिसरा ऑस्ट्रेलियन सॅमन. नाव सॅमन, पण खऱ्या सॅमनशी त्याचं नातं नाही. न्यूझीलंडमध्ये यालाच काहावाई म्हणतात. थव्याने किनाऱ्याशी येतो, गळाला लागला तरी पुष्कळ जण परत सोडतात, कारण मांस गडद आणि वास उग्र. बांगडा खाऊन वाढलेल्याला तो उग्रपणा ओळखीचा आहे. रक्त लगेच काढायचं, आणि शक्यतो त्याच दिवशी तिखलं करायचं. तिरफळं इथे मला मिळत नाहीत, म्हणून चिनी दुकानातली सिचुआन मिरी घालतो. ती तिरफळाच्याच कुळातली आहे, फक्त जीभ जास्त बधिर करते, तेव्हा निम्मी घाला आणि आतल्या काळ्या बिया टाकून द्या. याची मर्यादा माणशी ५.

सगळं नावडतं ते मारावं असं मात्र नाही. सिल्व्हर ड्रमर मी मारत नाही, रक्त काढूनही त्याचा शेवाळी वास माझ्याकडे कधी नाहीसा झाला नाही. रेड मॉर्वाँग भाला समोर आला तरी जागेवरून हलत नाही, आणि वर्षानुवर्षं त्याच कपारीत राहतो. असा मासा एकदा मारला की ती कपार लवकर भरत नाही, म्हणून मी तो सोडतो. ब्लू ग्रोपर तर कायद्यानेच वर्ज्य: १९६९ पासून त्याला भाला मारायला बंदी, आणि तो या राज्याचा राज्यमासा आहे. तो कुत्र्यासारखा जवळ येतो, म्हणूनच नवीन माणसाने गन घेण्याआधी त्याचं चित्र नीट बघून ठेवावं. ब्लू ग्रोपरचे सगळेच मासे निळे नसतात, माद्या आणि पिल्लं तपकिरी असतात. आणि सिडनीत मासे मारत असाल तर हार्बर ब्रिजच्या पश्चिमेचं काहीच खाऊ नका. तळाच्या गाळात डायॉक्सिन हे विषारी रसायन आहे, सरकारी सूचना तशी आहे.

गनच्या उण्या बाजू दोन. मूठ कडक आहे, लहान हाताच्या माणसाला घोडा लांब वाटेल, दुकानात हातात धरून बघा. आणि उन्हाळ्यात वेटसूटशिवाय (पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाशिवाय) गन चढवली तर मागचं टोक बरगडीला लागतं, त्यावर जाड रबरी पॅड बसवून घ्या. गन पाण्यातच चढवायची आणि पाण्यातच उतरवायची, खडकावर कधीच नाही.

घेताना गनबरोबरच या गोष्टी घ्या: दोन मीटर १६ मिलिमीटर रबर, डायनीमाची रीळ, दाबायच्या नळ्या आणि त्यांची पकड, एक बारीक कानस, एक जास्तीची सळई. मासेमारीची सरकारी फी भाल्यालाही लागू आहे, ती ऑनलाइन भरा आणि पावती फोनमध्ये ठेवा.