आइल ऑफ मलला गाडीने: ओबनहून की लॉखआलिनहून?

ग्लासगोहून गाडी घेऊन स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या मल बेटावर (आइल ऑफ मल) सुट्टीच्या घरी जायचं ठरलं की बहुतेकजण ओबनहून बेटावरच्या क्रेगन्यूरला जाणारी फेरीबोटच गृहीत धरतात. आम्हीही पहिली तीन वर्षं तेच केलं. पुढची चार वर्षं लॉखआलिनहून बेटावरच्याच फिशनिशला गेलो. दोन्ही वाटा आता पायाखालच्या झाल्यात, म्हणून लिहितो.

ओबनची वाट चांगली आहे, हे आधी सांगायला हवं. पाऊण तासाचा प्रवास, मोठी बोट, वर गरमागरम चहा. लिझमोर बेटाच्या टोकाचं पांढरं दीपगृह अगदी जवळून जातं. ते रॉबर्ट स्टीव्हन्सनने 1833 मध्ये बांधलं. मग उंच खडकावर मॅक्लीन घराण्याचा डुआर्ट किल्ला दिसतो आणि मुलं डेकवर धावतात. गाडी नसेल तर विचारच करू नका: ग्लासगोची ट्रेन ओबनला थेट धक्क्याजवळ सोडते आणि क्रेगन्यूरहून टोबरमोरीला बस मिळते.

मला खुपलं ते घड्याळ. बेटावरची बरीच घरं शनिवार ते शनिवार भाड्याने जातात. म्हणजे निघणारे आणि येणारे सगळे एकाच दिवशी बोटीवर. उन्हाळ्यातल्या शनिवारच्या गाड्यांच्या जागा फार आधी भरतात, त्यामुळे मिळेल ती वेळ धरायची आणि किमान अर्धा तास आधी धक्क्यावर हजर व्हायचं. हे कागदावर सोपं दिसतं. पण मध्ये लॉख लोमंड तळ्याकाठचा ए-82 रस्ता आहे. टार्बेट ते आर्डलुई रस्ता इतका अरुंद आणि वळणाचा आहे की पुढे एक कॅरव्हॅन आली की तिच्या मागे मुकाट्याने चालायचं. तिसऱ्या वर्षी आमच्यापुढे अशा दोन होत्या. धाकटीला लघवीला लागली होती आणि मी तिला "अजून थोडं थांब, बाळा" म्हणत होतो. ती रडायला लागली. बोट मिळाली, पण सुट्टीची सुरुवात लेकीला रडवून झाली हे माझ्या मनातून गेलं नाही.

लॉखआलिनला बुकिंग नाहीच. जायचं, रांगेत गाडी लावायची, बोट आली की चढायचं. एक चुकली तर पुढची. ग्लेनकोवरून पुढे कॉरनला यायचं. तिथली छोटी फेरीबोट पाचेक मिनिटांत आर्डगाउरला उतरवते. मग डाव्या हाताला लॉख लिनीची खाडी, पुढे ग्लेन टार्बर्ट आणि मॉर्व्हर्नमधून लॉखआलिनपर्यंत तासाभराचा, बराचसा सिंगल ट्रॅक, म्हणजे एकच गाडी मावेल असा रस्ता. समोरून गाडी आली की बाजूच्या रुंद जागेत, पासिंग प्लेसमध्ये थांबायचं, हात वर करायचा. मागे स्थानिक माणूस असेल तर त्याला पुढे जाऊ द्यायचं. त्याला कामावर जायचं असतं. वाटेत कुठेही थांबता येतं. थर्मासमधला चहा आम्ही आता पाण्याकाठी बसून पितो.

लॉखआलिन म्हणजे धक्का, थोडी घरं आणि सिलिका वाळूची खाण. दुसऱ्या महायुद्धात दुर्बिणींच्या काचेसाठी लागणारी शुद्ध वाळू 1940 पासून इथून निघू लागली. थोरल्याने त्या वाळूची चिमूट डबीत ठेवलीय, मिठासारखी पांढरी. तिथून पलीकडे जायला 15-20 मिनिटं लागतात.

एकूण वेळ? ओबनपेक्षा थोडा जास्तच लागतो, असा माझा अनुभव. अंधारात हरणं रस्त्यावर येतात, म्हणून हिवाळ्यात ही वाट मी कुणाला सुचवणार नाही. कॉरनची फेरीबोट बंद असली तर फोर्ट विल्यमवरून चाळीसेक मैलांचा वळसा पडतो, तेव्हा निघण्याआधी तेवढं बघून घ्या. शेवटच्या बोटीची वेळही बघा, रविवारी फेऱ्या कमी असतात. शनिवारी दुपारी एखादी बोट सोडावी लागू शकते. आणि वारा नसेल तर रांगेत मिजेस, म्हणजे बारीक चिलटं चावतात, गाडीच्या काचा लावून बसा.

घर कुठे आहे यावरही बरंच ठरतं. फिओनफोर्ट किंवा बनेसनकडे असेल तर क्रेगन्यूरच सोयीचं. आमचं सालेनजवळ असतं, फिशनिशपासून पाच मैल. चावी चारनंतर मिळते, म्हणून हाताशी वेळ असला की आधी ग्रुलीनला लॅकलन मॅक्वारीच्या समाधीपाशी जातो. ऑस्ट्रेलियात गव्हर्नर होण्याआधी हा माणूस मुंबईत लष्करात होता, त्याची पहिली बायको जेन मुंबईतच पुरलीय. एवढ्या लांब, ओल्या गवतात उभं राहून मुंबईचं नाव निघतं तेव्हा बायको दरवेळी थोडी गप्प होते.

यंदा साताऱ्याहून आई-बाबा येणार आहेत. आईला वळणांचा त्रास होतो, म्हणून जाताना ओबनहून नेईन, शनिवार टाळून मंगळवारी. येताना मात्र लॉखआलिनहूनच आणायचं ठरवलंय. आईसाठी आल्याच्या वड्या घेतल्यात, आणि लागेल तिथे थांबता येईल.