२८ वॅटचे छतपंखे: जळगावातील दोन उन्हाळ्यांनंतर

जळगावात एप्रिल लागला की पंखा बंद करण्याचा प्रश्नच उरत नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही बैठकीच्या आणि झोपण्याच्या दोन खोल्यांतील मिळून तीन जुने पंखे उतरवून त्यांच्या जागी पूर्ण वेगावर २८ वॅट वीज घेणारे बीएलडीसी (म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे) पंखे बसवले. एकाची किंमत सुमारे ३,००० रुपये पडली, म्हणजे साध्या पंख्यापेक्षा बरीच जास्त. म्हणूनच हा खर्च भरून निघतो का, हे मी नेटाने तपासत राहिलो.

खोक्यावरील आकड्यावर न विसंबता पडताळणी घरच्या मीटरवरच केली. आमच्या मीटरवर प्रति युनिट ३२०० इंपल्स असे छापलेले आहे, म्हणजे त्यावरील लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडते. फ्रिजसकट सगळे बंद करून केवळ जुना पंखा चालवला तेव्हा तो दिवा साधारण १५ सेकंदांनी लुकलुकत होता. नवा पंखा लावल्यावर हे अंतर ४० सेकंदांवर गेले. हिशेब केल्यास जुना पंखा ७५ वॅटचा आणि नवा २८ वॅटचा ठरतो. वाऱ्यात आम्हाला काही उणे जाणवले नाही, आणि तासन् तास फिरूनही मोटर जुन्या पंख्यासारखी तापत नाही.

आमच्याकडे तिन्ही पंखे मिळून दिवसाला सुमारे ३२ तास फिरतात, त्यामुळे रोज दीड आणि महिन्याला ४५ युनिट वाचतात. या ४५ युनिटचे मोल मात्र प्रत्येक घरात सारखे नाही, आणि पंखा विकणारे नेमके हेच सांगत नाहीत. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: २०२४-२५ मध्ये पहिल्या १०० युनिटना ४.७१ रुपये, तर १०१ ते ३०० या टप्प्यात १०.२९ रुपये वीज आकार होता, शिवाय प्रत्येक युनिटवर १.१७ रुपये वहन आकार आणि या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार बाजूला ठेवला तरी पहिल्या टप्प्यातील युनिट ६.८२ रुपयांना आणि दुसऱ्या टप्प्यातील १३.२९ रुपयांना पडत होते. वाचलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यातून कमी होते, त्यामुळे बिलाच्या एकूण रकमेला युनिटनी भागून काढलेला सरासरी दर येथे उपयोगाचा नाही. उन्हाळ्यात आमचा वापर २४० युनिटच्या आसपास असतो, म्हणून आमची सर्व ४५ युनिटे महागड्या टप्प्यातून गेली आणि महिन्याला जवळपास ६०० रुपये वाचले. ज्यांचा वापर मुळातच १०० युनिटच्या आत आहे, त्यांना याच पंख्यांनी निम्मीच बचत होईल. दर वेळोवेळी बदलतात, तेव्हा हिशेब करताना स्वतःच्या ताज्या बिलातील दर घ्यावेत.

हिवाळ्यात पंखे जवळजवळ बंदच असतात, त्यामुळे ९,००० रुपये वसूल व्हायला आम्हाला सव्वा वर्ष नव्हे, तर पूर्ण दोन वर्षे लागली असे मी धरतो.

दोषही मोठा आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात विजेचा दाब वरखाली होऊन बैठकीतील पंख्याचे सर्किट जळाले. वॉरंटीत ते बदलून मिळाले खरे, पण त्यासाठी भर मे महिन्यात ११ दिवस थांबावे लागले. जुन्या पंख्याचा कपॅसिटर गेला तर गल्लीतील वायरमन तासाभरात थोडक्या पैशांत नवा घालतो. हे सर्किट त्याच्या हातातले काम नाही. म्हणून वॉरंटी किती वर्षांची आहे आणि दुरुस्ती केंद्र आपल्या गावात आहे का, हे दोन प्रश्न किमतीच्या आधी विचारावेत. बसवताना भिंतीवरील जुना रेग्युलेटर काढून टाकणेही आवश्यक आहे. वेग रिमोटनेच बदलावा लागतो, आणि आईला अंधारात रिमोटची बटणे सापडत नाहीत ही अडचण आजही कायम आहे.

इन्व्हर्टरवर मात्र हे पंखे फार उपयोगी ठरले. भारनियमनाच्या रात्री बॅटरी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ पुरते.

दिवसाला आठ तासांहून अधिक चालणाऱ्या पंख्यासाठी मी ही खरेदी निःसंकोच सुचवीन. पाहुण्यांच्या खोलीतील पंखा वर्षातून पंधरा-वीस दिवसच फिरतो. तो आम्ही बदललेला नाही.