जाँ पातूचं जुनं 'जॉय': काळी कुपी, लाल बूच

आधीच सांगते, ही कुपी आता कुठल्याही दुकानात मिळणार नाही. २०१८ साली एलव्हीएमएच या फ्रेंच चैनीच्या वस्तूंच्या समूहाने जाँ पातू हे पॅरिसचं फॅशन आणि पर्फ्यूमचं घराणं विकत घेतलं आणि त्याच वर्षी त्याच समूहातल्या डिओरने 'जॉय' नावाचं आपलं नवं पर्फ्यूम बाजारात आणलं. नाव तेच, वासाचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. जुनं जॉय बंद झालं. मी लिहितेय ते एका संग्राहकाकडून घेतलेल्या जुन्या, सीलबंद एक्स्ट्रेबद्दल, म्हणजे सगळ्यात दाट, कुपीतून थेंबाने लावायच्या प्रकाराबद्दल. ज्यांच्या घरात कुणाच्या तरी अंगाला हा वास यायचा आणि आता जे तो शोधत फिरताहेत, त्यांना याचा उपयोग व्हावा.

माझ्या घरात तो आत्याचा वास होता. ती विमानात हवाई सुंदरी होती. जॉय ती फक्त कामावर निघताना लावायची, एक थेंब मनगटावर, एक कोपराच्या आतल्या बाजूला. मी हात पुढे केला की मलाही टेकवायची आणि बजावायची, "घासायचं नाही हं, तसंच वाळू दे." ती परत यायची तेव्हा वास अंगावर फारसा उरलेला नसे, पण गणवेशाच्या कोटाच्या अस्तरात मुरलेला असे.

तर कुपी. काळी, अपारदर्शक, बसकी, वर लालभडक बूच. दिसायला देखणी आहेच, पण त्या काळेपणाचा फायदा मोठा आहे: पर्फ्यूमचा पहिला शत्रू उजेड, आणि इथे तो आत शिरत नाही. स्वच्छ काचेतलं त्याच काळातलं जॉय मी पाहिलंय, ते चहाच्या रंगाचं झालं होतं. माझ्या कुपीतलं ब्लॉटरवर, म्हणजे वास घ्यायच्या कागदाच्या पट्टीवर, टाकलं तर गडद पिवळं उतरलं. मानेभोवतीचा सीलचा बारीक दोरा शाबूत होता. तो नखाच्या कात्रीने कापला आणि बूच ओढण्याऐवजी मान तळहातात धरून ऊब दिली, मग हलकेच फिरवत सोडवलं. जुन्या कुपीचं बूच ओढू नये, काच मानेशीच तडकते.

पहिली काही मिनिटं वाईट जातात, हे स्पष्ट सांगायला हवं. ताज्या जॉयची सुरुवात आल्डिहाइड्स या झगमगीत वासाच्या रसायनांनी लखलखीत व्हायची. हे हलके रेणू सर्वांत आधी बिघडतात. आता तिथे नेलपॉलिशसारखा आंबूस, बोचरा वास येतो. पुष्कळ लोक इथेच कुपी नासली समजून बाजूला ठेवतात. थांबा. मनगट नाकाजवळ नेऊ नका, दुसरं काहीतरी काम करा.

मग फुलं येतात, आणि काय येतात! कागदावर गुलाब पुढे असतो, मधाळ आणि किंचित मिरमिरीत. त्वचेवर मात्र चमेली गुलाबाला मागे सारते. तिच्या पाठीशी निशिगंध आणि सोनचाफा आहेत, पण त्यांना वेगळं काढायला बसू नये. सगळं मिळून एकच दाट, उबदार, जिवंत काहीतरी होतं. जिवंत म्हणजे काय ते सांगते. चमेलीत इंडोल नावाचं द्रव्य असतं. तेच विष्ठेतही असतं, आणि थोड्या प्रमाणात ते नसेल तर चमेलीला खोली येत नाही. आजची बहुतेक चमेलीची पर्फ्यूम्स ऐकली (संग्राहक मंडळी वास 'ऐकतात') तर हा गडद भाग धुऊन काढलेला असतो, उरतं ते स्वच्छ, गोडसर, साबणाकडे झुकणारं फूल. जॉयमध्ये तो गडदपणा शिल्लक आहे, वर तळाशी सिव्हेटची, म्हणजे जवादी मांजराच्या ग्रंथीतल्या स्रावाची, प्राणिज ऊब आहे. दुपारनंतर फुलं ओसरतात आणि त्वचेचाच वास सुंदर झाल्यासारखा वाटतो. रेशमी रुमालावर तर दुसऱ्या दिवशीही दरवळ होता.

हे असं का घडलं, याचं उत्तर साध्या उधळपट्टीत आहे. जॉय १९३० चं. नुकताच वॉल स्ट्रीटचा बाजार कोसळलेला, पातूची श्रीमंत अमेरिकन गिऱ्हाइकं हात आखडून बसलेली, आणि अशा वेळी या माणसाने आँरी आल्मेरास या आपल्या पर्फ्यूमरच्या हातून जे बनवून घेतलं त्याची जाहिरातच 'जगातलं सर्वांत महागडं पर्फ्यूम' अशी केली. एका औंसाला, म्हणजे जेमतेम ३० मिलिलिटरला, १०,६०० चमेलीची फुलं आणि २८ डझन गुलाब, असं कंपनी अभिमानाने सांगायची. आकडा जाहिरातीचा आहे हे धरूनही, वास घेतल्यावर तो मला पटतो. एवढी खरी फुलं ओतल्याशिवाय ही घनता येत नाही.

आणि स्मृती? मला वाटलं होतं आत्याचा चेहरा डोळ्यांपुढे येईल. आलं ते कोटाचं सळसळतं अस्तर आणि गालाला लागलेलं पितळी बटण, गार. मी तिच्या कमरेएवढी असतानाचं हे, इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. वासाचा संदेश मेंदूत भावना आणि आठवणींच्या केंद्रांशी फार जवळून जोडलेला असतो, हे वाचून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. तरीही अपेक्षा ठेवणाऱ्यांना एक सांगते: कुपीत जॉय आहे, आत्या पूर्ण नाही. तिच्या वासात तिची पावडर होती, लांबच्या उड्डाणाचा शिणवटा होता, कोटाची लोकर होती.

जुनी पर्फ्यूम्स जाण्यामागे कारणं वेगवेगळी असतात, ती एका पोत्यात भरू नयेत. ओकमॉस या झाडावरच्या दगडफुलासारख्या सुगंधी शेवाळावर निर्बंध आले कारण त्यातल्या अट्रॅनॉल आणि क्लोरोअट्रॅनॉलची अनेकांना ॲलर्जी होते. लिलियल या फुलांच्या वासाच्या कृत्रिम रसायनावर युरोपियन संघाने २०२२ मध्ये बंदी आणली. सिव्हेटसाठी जवादी मांजरं पिंजऱ्यात कोंडून त्यांच्या ग्रंथी खरवडायचे, ते बरंचसं कमी झालं हे उत्तमच झालं. याबद्दल माझी तक्रार नाही. पण जॉय कुठल्या नियमाने बंद पडलेलं नाही. घराणं विकलं गेलं, नाव दुसऱ्याच पर्फ्यूमला मिळालं, आणि ८८ वर्षांचा वास त्या नावाखालून काढून घेतला. याचा मला राग आहे आणि तो राहील.

दिलासा एकच. व्हर्सायला 'ओस्मोथेक' नावाचा पर्फ्यूम्सचा संग्रह आहे, १९९० मध्ये सुरू झालेला. तिथे जुनी पर्फ्यूम्स अंधारात, १२ अंश सेल्सिअसला, आरगॉन वायूच्या आवरणाखाली जपतात. तो उभा करण्यात पुढाकार होता जाँ केर्लेओ यांचा, जे पातूचेच पर्फ्यूमर होते. पातूचं '१०००' त्यांनीच १९७२ मध्ये बनवलं. स्वतःच्या घराण्याचं काय होणार हे त्यांना तेव्हा ठाऊक नसणार, पण वास हा जपायचा वारसा आहे हे ज्या माणसाला कळलं तो याच कार्यशाळेतला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

घ्यायचं असेल तर एक्स्ट्रेच घ्या, आणि शक्यतो काळ्या कुपीतलं. ओ द तोआलेतचं, म्हणजे पातळ प्रकाराचं, जुनं फवाऱ्याचं रूप मी वापरून पाहिलंय. त्यात सुरुवातीचा आंबूसपणा जास्त वेळ टिकतो आणि मधला फुलांचा पट विरळ लागतो. विक्रेत्याकडे मानेचा दोरा, कुपीचा तळ आणि खोक्याच्या आतल्या बाजूचे फोटो मागा. सील असूनही पातळी खाली गेलेली असेल तर ती कुपी बहुधा गरम जागी राहिली आहे. घरी आणल्यावर खोक्यातच, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा, न्हाणीघरात तर मुळीच नको. आणि उघडलीत तर वापरा. हवा एकदा आत गेली की जपून ठेवण्यात काही अर्थ उरत नाही. मी माझी आठवड्याच्या साध्या दिवशीही लावते.